पंपिंग ‘नॉर्मल’ असतानाच हृदयाचा थकवा ओळखणे: इको तपासणीत कृत्रिम बुद्धिमत्ता कशी वापरावी

मराठवाड्यात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाल्यावर रुग्ण आणि नातेवाईक विचारतात ते ‘पंपिंग किती आहे?’ एवढेच, आणि उत्तर ‘साठ टक्के’ असे आले की सगळे निर्धास्त होतात. हा आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, अर्थात ईएफ. हृदयाचा डावा खालचा कप्पा, म्हणजे डावी जवनिका, रक्ताने भरल्यावर त्यातील किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, त्याचे ते माप आहे. पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के ही त्याची नेहमीची मर्यादा मानतात. अडचण अशी की मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा कर्करोगावरील काही औषधे यांमुळे हृदयाच्या स्नायूला होणारी इजा या आकड्यात बरीच उशिरा उमटते. ती आधी कशी पकडावी, त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत कशी घ्यावी आणि तिच्यावर कोठे विसंबू नये, हे जिल्हा व तालुका पातळीवर इको करणारे डॉक्टर, तंत्रज्ञ आणि तपासणी शिबिरे भरवणाऱ्या संस्था यांच्यासाठी येथे मांडले आहे.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट करणे बरे. सुटा आकडा, मग तो माणसाने काढलेला असो वा यंत्राने, सुरुवातीच्या दुर्बलतेबद्दल फार थोडे सांगतो. त्याच रुग्णाचा, त्याच पद्धतीने घेतलेला आधीचा आकडा शेजारी ठेवला की मगच तो बोलू लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचा खरा उपयोग मला येथे दिसतो: मोजमाप दर वेळी एकसारखे व्हावे, हात बदलला म्हणून निष्कर्ष बदलू नये.

ईएफ उशिरा का ढासळते

डाव्या जवनिकेच्या भिंतीत स्नायुतंतूंचे थर असतात. आतल्या बाजूचे तंतू प्रामुख्याने लांबीच्या दिशेने, मधले गोलाकार आणि बाहेरचे तिरके जातात. आतल्या थराला रक्तपुरवठ्याची ओढाताण सर्वांत आधी जाणवते, म्हणून मधुमेहात, वाढलेल्या रक्तदाबात किंवा रक्तवाहिन्या अरुंद होत असताना लांबीच्या दिशेचे आकुंचन प्रथम कमी होते. गोलाकार तंतू मात्र जास्त जोर लावून ती उणीव भरून काढतात. जोडीतला एक बैल थकला तरी दुसरा जू ओढत राहतो आणि गाडीचा वेग काही काळ तोच दिसतो, तसे हे घडते. ईएफ म्हणजे गाडीचा वेग. थकलेला बैल पाहायचा असेल तर लांबीच्या दिशेचे आकुंचन वेगळे मोजावे लागते, आणि त्या मापाला ग्लोबल लाँजिट्युडिनल स्ट्रेन, म्हणजे जीएलएस म्हणतात.

इकोच्या करड्या चित्रातील बारीक ठिपक्यांची नक्षी ठोक्यागणिक कशी सरकते याचा माग संगणक काढतो आणि स्नायू किती टक्क्यांनी आखडला ते सांगतो. आखडणे म्हणजे लांबी कमी होणे, म्हणून हा आकडा उणे चिन्हाने येतो आणि निरोगी हृदयात तो उणे २० च्या आसपास असतो. उणे १८ पेक्षा उणे १४ वाईट, हे नव्या माणसाला हमखास गोंधळात टाकते, त्यामुळे अहवालात चिन्ह वगळून ‘जीएलएस १८ टक्के’ असे लिहावे आणि ‘कमी म्हणजे वाईट’ अशी एक ओळ खाली द्यावी. पुढे मीही चिन्ह वगळूनच आकडे देत आहे. १६ च्या खाली गेलेला जीएलएस सामान्यतः बिघडलेला समजतात.

यंत्राने काय साधले आहे, हे थोडक्यात नोंदवतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये १०,०३० इको चित्रफितींच्या संचावर घडवलेली प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्या ईएफच्या मोजणीत सरासरी चूक सुमारे ४ अंकांची होती, आणि दोन अनुभवी माणसांच्या मोजणीत याहून अधिक फरक सहज पडतो. २०२३ मध्ये त्याच प्रकारच्या प्रणालीची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ३,४९५ तपासण्यांपैकी काहींची प्राथमिक मोजणी यंत्राने आणि काहींची तंत्रज्ञाने केली होती आणि ती कोणी केली हे हृदयरोगतज्ज्ञांना ठाऊक नव्हते. तज्ज्ञांनी यंत्राच्या आकड्यात मोठा बदल १६.८ टक्के वेळा केला, तर तंत्रज्ञाच्या आकड्यात २७.२ टक्के वेळा. या चाचणीत अंतिम सही तज्ज्ञाचीच होती, ही गोष्ट आपल्याकडे यंत्र विकणारे सांगतीलच असे नाही.

आधी चित्र, मग यंत्र

सॉफ्टवेअर कितीही हुशार असले तरी त्याला दिलेल्या चित्रात जे नाही ते त्याला दिसणार नाही. उलट, वाईट चित्रावरही ते तितक्याच आत्मविश्वासाने दशांशापर्यंतचा आकडा छापते, आणि हा धोका मी सर्वांत मोठा मानतो. म्हणून इको घेताना पुढील गोष्टींत घाई करू नये.

रुग्णाला डाव्या कुशीवर नीट वळवावे आणि डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगावा, म्हणजे फासळ्यांमधील जागा मोकळी होते. ईसीजीच्या तारा लावल्याशिवाय स्ट्रेन घेऊ नये, कारण ठोका कोठे सुरू झाला आणि झडप केव्हा मिटली हे त्यावरून ठरते. हृदयाच्या टोकाकडून, म्हणजे एपिकल खिडकीतून, फोर चेंबर, टू चेंबर आणि थ्री चेंबर अशी तिन्ही दृश्ये घ्यावीत, एका दृश्यावरून काढलेला जीएलएस पूर्ण धरू नये. श्वास सोडून क्षणभर थांबायला सांगितले की फुप्फुसाची सावली बाजूला होते. सेक्टर, म्हणजे पडद्यावरचा पंख्यासारखा चित्रभाग, फक्त डाव्या जवनिकेपुरता अरुंद ठेवला आणि डेप्थ, म्हणजे चित्राची खोली, कमी केली की फ्रेम रेट, म्हणजे चित्रे टिपण्याचा वेग, वाढतो. तो सेकंदाला साधारण ५० ते ८० असावा. गेन, म्हणजे चित्राची उजळी, फार वाढवला तर सगळे पांढरे होते आणि ठिपके हरवतात.

सर्वांत जास्त फसवते ते टोक कापलेले चित्र. प्रोब, म्हणजे छातीवर टेकवायचा यंत्राचा भाग, एक फासळी वर राहिला की जवनिकेचे खरे टोक दृश्याबाहेर जाते, कप्पा आखूड व गोलसर दिसतो, आणि ईएफ व जीएलएस दोन्ही असतील त्यापेक्षा चांगले येतात. फोर चेंबर आणि टू चेंबर या दोन दृश्यांतील जवनिकेची लांबी जवळपास सारखी आली नाही, तर प्रोब खाली सरकवून चित्र पुन्हा घ्यावे. काही नवी यंत्रे प्रोब कोणत्या बाजूला झुकवावा हे पडद्यावर दाखवतात. अमेरिकेतील एका अभ्यासात इकोचा पूर्वानुभव नसलेल्या आठ परिचारिकांनी अशा मार्गदर्शनाने २४० रुग्णांची चित्रे घेतली आणि डाव्या जवनिकेचा आकार व कार्य ठरवण्यासाठी ती ९८.८ टक्के रुग्णांत पुरेशी ठरली. निष्कर्ष आशादायक आहे, परंतु आपल्याकडे यंत्र कोणी हाताळायचे याला कायद्याची चौकट आहे, त्याकडे पुढे येतो.

तपासणीच्या वेळचा रक्तदाब, ठोक्यांचा वेग, उंची आणि वजन या चार नोंदी यंत्रात भरल्याशिवाय चित्र जतन करू नये. रक्तदाब चढलेला असेल तर हृदयाला अधिक रेट्याविरुद्ध काम करावे लागते आणि जीएलएस तात्पुरता कमी येतो. शरीरातील पाणी कमी झाले तरी तो घसरतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हात एसटीने तीन तास प्रवास करून, काही न खाता-पिता आलेल्या रुग्णाला लगेच टेबलावर घेणे यामुळेच योग्य नाही. त्याला सावलीत बसवून, पाणी देऊन, थोड्या वेळाने रक्तदाब पुन्हा मोजून मग इको करावा.

यंत्राने आखलेली रेषा पाहणे

बटण दाबताच सॉफ्टवेअर स्नायूच्या आतल्या कडेवर रेषा आखते आणि पुढच्याच क्षणी सतरा भागांचे रंगीत वर्तुळ, ज्याला बुल्स आय म्हणतात, पडद्यावर येते; त्यात गडद लाल म्हणजे चांगले आकुंचन आणि फिकट म्हणजे कमी. त्या वर्तुळाकडे धावण्याआधी रेषा चालू चित्रावर दोन-तीन ठोके पाहावी. येथे एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू. समजा, जालन्याजवळच्या खेड्यातील पंचावन्न वर्षांच्या, बारा वर्षे मधुमेह असलेल्या एक मावशी चढावर दम लागतो म्हणून आल्या आहेत. ईएफ ६१ आणि जीएलएस १५.१ असे यंत्राने सांगितले आहे. वर्तुळात बाहेरच्या भिंतीच्या तळाचे दोन भाग फिकट गुलाबी आहेत, बाकीचे बऱ्यापैकी लाल. आता चित्र सावकाश चालवले तर दिसते की डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेचे कडे ठोक्यासरशी टोकाकडे सरकते, पण बाहेरच्या भिंतीवरची रेषा जागीच थांबलेली आहे, कारण श्वास आत घेतल्यामुळे त्या भागावर फुप्फुसाची काळी सावली पडली आहे. स्नायू हलत आहे, रेषा हलत नाही, आणि यंत्राने ते आजारात मोजले आहे. श्वास सोडवून, प्रोब एक फासळी खाली घेऊन तेच दृश्य पुन्हा घेतल्यावर जीएलएस १७.४ येतो. त्या वेळचा रक्तदाब १६८/९६ आहे. म्हणजे आता उरलेल्या कमतरतेतही काही वाटा रक्तदाबाचा असू शकतो, आणि दोन जवनिकांमधल्या भिंतीचा (सेप्टमचा) तळभाग तेवढा फिकट राहिला आहे, जे जुन्या रक्तदाबात वारंवार दिसते. रक्तदाब काही आठवडे आटोक्यात ठेवून त्याच यंत्रावर पुन्हा पाहणे हाच येथला योग्य निर्णय होय. पहिल्या आकड्यावर अहवाल दिला असता तर मावशींना विनाकारण मोठ्या तपासण्यांसाठी शहर गाठावे लागले असते.

रेषा हाताने सुधारण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, पण प्रत्येक वेळी ती वापरणेही चांगले नव्हे. हाताने जितकी ओढाताण कराल तितका माणसा-माणसांतला फरक परत येतो आणि यंत्र घेण्याचा हेतूच संपतो. रेषा स्नायूबाहेर गेली असेल, झडपेला धरून ठेवणाऱ्या पॅपिलरी स्नायूवर चढली असेल किंवा जागीच थिजली असेल तरच ती बदलावी, आणि दोनपेक्षा अधिक भागांचा माग नीट लागत नसेल तर त्या दृश्याचा आकडा देऊच नये. ‘चित्र अपुरे, जीएलएस दिलेला नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

आकडा कोठे फसवतो

झडपांच्या आजारात आपोआप आलेला ‘नॉर्मल’ हा शेरा घातक ठरू शकतो. संधिवाताच्या तापामुळे झडपा खराब झालेले रुग्ण आपल्या भागात आजही येतात. मायट्रल झडप जोरात गळत असेल तर रक्ताचा मोठा भाग सोप्या वाटेने मागे जातो आणि ईएफ उगाच चांगली दिसते. अशा रुग्णात ६० किंवा त्याहून कमी ईएफ म्हणजे स्नायू थकू लागल्याची खूण समजून शस्त्रक्रियेचा विचार होतो. यंत्र मात्र ५८ ला हिरवा रंग देईल. त्याला झडप दिसत असली तरी तो संदर्भ आकड्याला जोडता येईलच असे नाही. अनियमित ठोक्यांत, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, एका ठोक्याचा आकडा निरर्थक असतो. निदान पाच ठोक्यांची सरासरी घ्यावी, आणि सॉफ्टवेअर ती घेत नसेल तर या रुग्णांत ते वापरू नये.

जवनिका आकुंचन पावताना ठीक आणि सैल होताना ताठर, असाही सुरुवातीचा बिघाड असतो. तो ईएफमध्ये दिसतच नाही. डॉप्लरवरील, म्हणजे वेग मोजणाऱ्या इकोवरील, ई (मायट्रल झडपेतून आत येणाऱ्या रक्ताचा वेग) भागिले ई-प्राइम (स्नायू सैल होण्याचा वेग) हे गुणोत्तर सरासरी १४ च्या वर, डाव्या कर्णिकेचे, म्हणजे वरच्या कप्प्याचे, आकारमान शरीराच्या दर चौरस मीटरला ३४ मिलिलिटरपेक्षा अधिक आणि उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतील गळतीचा वेग सेकंदाला २.८ मीटरपेक्षा जास्त, या त्याच्या नेहमी पाहिल्या जाणाऱ्या खुणा आहेत. डॉप्लरची रेघ प्रवाहाला तिरकी पडली तर यंत्र चुकीचा वेगच अचूकपणे मोजेल.

यंत्र कोणत्या लोकांच्या चित्रांवर शिकले आहे, हेही विचारायला हवे. अनेक प्रणाली अमेरिका व युरोपातील रुग्णालयांच्या चित्रांवर घडल्या आहेत. आपल्याकडील बारीक बांध्याची, अरुंद फासळ्यांची, रक्त कमी असलेली स्त्री त्या चित्रांत कितपत होती, याचे उत्तर विक्रेत्याकडे लेखी मागावे. त्याहून खात्रीचा उपाय आपल्या हातात आहे. आपल्याच केंद्रातील जुन्या पन्नासेक तपासण्या निवडाव्यात, त्यांत स्त्रिया, कृश व स्थूल रुग्ण, बिघडलेली आणि चांगली हृदये असे सगळे असावेत. मग यंत्राचा आकडा आणि अनुभवी हृदयरोगतज्ज्ञाने तो न पाहता काढलेला आकडा शेजारी-शेजारी लिहावा. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाई, नांदेड, लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील तज्ज्ञांना यासाठी विनंती करता येईल.

शिबिरात वापरण्याआधी

गावोगावी शिबिरे भरवून ‘एआय इको’ करण्याचा उत्साह मी समजू शकतो, पण एक साधा हिशेब आधी करावा. समजा, हजार लोकांत सुरुवातीची दुर्बलता असलेले तीसच आहेत. तपासणी दहा आजाऱ्यांपैकी नऊ पकडते आणि दहा निरोगी माणसांपैकी एकाला चुकून आजारी ठरवते, असे धरू. तर २७ खरे रुग्ण सापडतील आणि त्यांच्याबरोबर ९७ निरोगी माणसे घाबरून जिल्ह्याच्या गावी धाव घेतील. आता तीच तपासणी आधी निवडलेल्या लोकांत करा: बरीच वर्षे मधुमेह, अनेक वर्षांचा रक्तदाब, दम लागणे, ईसीजीत बदल किंवा हृदयावरचा ताण दाखवणारे रक्तातील एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या वर. अशा हजारांत समजा दोनशे आजारी असतील, तर १८० खरे सापडतील आणि चुकून ठरलेले ८०. यंत्र तेच, अचूकता तीच, फरक फक्त कोणाला टेबलावर घेतले याचा. म्हणून शिबिरात आधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी करावे, इको निवडक लोकांचा करावा.

कायद्याचा भाग इथे टाळून चालणार नाही. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा १९९४ चा आहे आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर सोनोग्राफी करू शकणारे प्रत्येक यंत्र नोंदवावे लागते. खिशात मावणारा हृदयाचा प्रोबही त्यातून आपोआप सुटत नाही, आणि हलवता येणारे यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर नेण्यावर कडक बंधने आहेत. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. हे वास्तव ज्या प्रदेशाने पाहिले, तेथे या अटींना केवळ कागदी अडथळा म्हणणे मला मान्य नाही. शिबिराची तारीख ठरवण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी विचारणा करावी.

रुग्णाच्या माहितीबाबतही तितकेच जपावे. पडद्यावरच्या इकोचा मोबाइलने व्हिडिओ काढून तो व्हॉट्सअॅपवर मत विचारायला पाठवण्याची सवय सर्वत्र आहे. त्या व्हिडिओत रुग्णाचे नाव कोपऱ्यात दिसते आणि चित्राचा दर्जा इतका घसरतो की त्यावर स्ट्रेन मोजणे चुकीचेच. यंत्रातील मूळ चित्रफाइल (डायकॉम) जतन करावी, निर्यात करताना फ्रेम रेट कमी होत नाही ना ते पाहावे, आणि चित्रे दूरच्या सर्व्हरवर जात असतील तर रुग्णाला मराठीत समजावून संमती घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरोग्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. दोन्हींचा भर संमतीवर आहे.

दोन तपासण्यांमधील फरक

जीएलएस सगळ्यांत जास्त कामाला येतो तो कर्करोगाच्या उपचारांत. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब सुरू होण्याआधी पहिला इको व जीएलएस झालाच पाहिजे. ट्रॅस्टुझुमॅब चालू असताना साधारण दर तीन महिन्यांनी तो पुन्हा करतात. ईएफ चांगली असूनही जीएलएस मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून अधिक घसरला, तर ती इजेची खूण धरतात. मूळ आकडा २० असेल तर १७ च्या खाली गेल्यावर सावध व्हायचे. १९ आला म्हणून उपचार थांबवायचे नसतात, कारण एक-दीड अंकाचा फरक मोजणीतच पडतो. छत्रपती संभाजीनगरच्या राज्य कर्करोग संस्थेत उपचार घेणारा हिंगोलीचा रुग्ण मधल्या तपासण्या गावाजवळ करतो, तेव्हा वेगळ्या कंपनीच्या यंत्रावरचा जीएलएस आधीच्या आकड्याशी सरळ ताडून पाहू नये. शक्यतो यंत्र व सॉफ्टवेअर तेच असावे, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली असेल तर जुनी चित्रफीत नव्या आवृत्तीवर पुन्हा मोजून मग तुलना करावी.

मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णात जीएलएस खरोखर कमी निघाला, तर केवळ त्या आकड्यावर हृदयाची औषधे सुरू करू नयेत. रक्तदाब व साखर काटेकोर आणावी, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पाहावे, छातीत दुखणे किंवा एखाद्याच भिंतीचे आकुंचन कमी असेल तर रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी पाठवावे. तळाचे भाग फिकट आणि टोक मात्र गडद लाल असा नमुना जाड भिंतींसह दिसला तर अॅमिलॉइडोसिसची, म्हणजे स्नायूत असामान्य प्रथिन साचण्याच्या आजाराची, शंका घेऊन तज्ज्ञांना दाखवावे.

रुग्णाला हे पटवणे सोपे नसते. ‘डाक्टर साहेब, पंपिंग तर साठ टक्के हाय म्हणता, मग गोळ्या कशापायी?’ हा प्रश्न रास्त आहे. ‘मावशी, पंपिंग आज चांगले आहे, पण त्यासाठी हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आहे. रक्तदाब खाली आणला की तो जोर कमी होईल, आणि सहा महिन्यांनी आपण हाच फोटो पुन्हा काढून दोन्ही शेजारी ठेवून पाहू,’ एवढे सांगितले तरी बहुतेकांना पुन्हा येण्याचे कारण कळते.

पुढची तारीख मात्र रुग्णाच्या हंगामाप्रमाणे द्यावी. बीड, धाराशिव, जालन्यातील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांना जानेवारीची तारीख देणे म्हणजे न देण्यासारखेच आहे. पहिली तपासणी जाण्यापूर्वी आणि दुसरी परतल्यावर ठेवावी, आणि मधल्या काळात दुसऱ्या जिल्ह्यात दाखवायची वेळ आली तर उपयोगी पडावे म्हणून तारीख, रक्तदाब, ईएफ, जीएलएस, यंत्राची कंपनी व सॉफ्टवेअरची आवृत्ती एका कार्डावर लिहून ते कार्ड आणि मूळ चित्रफितींचा पेन ड्राइव्ह रुग्णाच्याच हाती द्यावा.